रिपोर्ट चांगला आल्यावर

बारावीच्या वर्षी माझ्या लहान मेंदूत गाठ निघाली. त्याआधी कितीतरी दिवस सकाळी उठलं की डोकं दुखायचं, उलटी व्हायची, आणि उलटी झाली की बरं वाटायचं. आईला वाटलं पित्त आहे. ती मला रोज कोकमाचं पाणी द्यायची. पुढे कॉलेजला जाताना मी गल्लीत एका बाजूला झुकत चालायला लागले. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला थांबावं लागतं, त्यामुळे मी कुणाला तरी धडकायचेच. एकदा एका भाजीवालीच्या पाटीवर पडले. पप्पांनी ते पाहिलं आणि त्याच दिवशी मला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

ऑपरेशन पुण्याला झालं. त्यानंतर बरेच आठवडे रेडिएशन होतं. पप्पा शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्टर आहेत. शाळा सुरू व्हायच्या आधीचे महिने कारखान्यात सगळ्यात गडबडीचे असतात, त्यांना सोलापुरात परतावं लागलं. धाकटी बहीण त्यांच्याबरोबर राहिली. पुण्यात मी, आई आणि आबा. आबा म्हणजे आईचे वडील. माढ्याजवळच्या गावातून एक पिशवी घेऊन ते जे आले, ते उपचार संपेपर्यंत राहिले.

आबा फार बोलायचे नाहीत. रेडिएशनच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहायचे. मी बाहेर आले की म्हणायचे, "आलीस? चल." कसं वाटतंय, दुखतंय का, असलं कधी विचारलं नाही. ऑपरेशननंतर माझा तोल पुरता गेला होता, तेव्हा त्या लांबलचक व्हरांड्यात माझं कोपर धरून त्यांनीच मला चालायला शिकवलं. मी खाली बघत पाय टाकायचे. ते म्हणायचे, "पायाकडं बघू नगंस. माज्याकडं बघ. पाय येत्यात आपसूक."

उपचार संपले. तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. आम्ही सोलापूरला परतलो त्या दिवशी पप्पांनी गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या काकू आल्या, वरच्या मजल्यावरची बाई आली, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी आल्या. सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या आणि मीही ओठ ताणून हसत होते. आत काहीच होत नव्हतं. दाढ काढताना सुई देतात, मग ओठाला हात लावला तर तो दुसऱ्याच कुणाचा वाटतो, तसं काहीसं होतं, फक्त सगळीकडे. मला वाटलं थकवा आहे, उतरेल. पेढा गोड लागत होता, एवढं मात्र कळत होतं.

एक वर्ष वाया गेलं. पुढच्या वर्षी बारावी दिली, कशीबशी पास झाले आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला गेले. तोवर माझ्या तिन्ही मैत्रिणी एक वर्ष पुढे गेल्या होत्या, पण कॉलेज एकच होतं. मधल्या सुट्टीत आम्ही पायऱ्यांवर बसायचो. त्यांचं बोलणं पूर्वीसारखंच भराभर चालायचं. कुणी काही विचारलं की मी आधी ते समजून घ्यायचे, मग उत्तर जुळवायचे, आणि तोंड उघडेपर्यंत विषय तिसरीकडेच गेलेला असायचा. सुरुवातीला त्या माझ्यासाठी थांबायच्या. थांबल्या की सगळ्या एकदम गप्प व्हायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. ते थांबणं मला जास्त जड जायचं. मग मी बोलणंच कमी केलं आणि त्यांनीही थांबणं सोडलं.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला त्यांनी मला बोलावलं. आईला फार आनंद झाला. तिने माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे केस अजून विरळ आहेत, तिथे नीट ओढणी बसवून दिली. जत्रेत त्या तिघी मोठ्या पाळण्यात बसायला निघाल्या. मला पाळणा झेपणार नव्हता, नुसता वर बघितला तरी तोल जायचा. त्यांनी आपापल्या पर्स आणि चपला माझ्याकडे दिल्या. मी खाली उभी राहिले. गर्दी होती, भोंगे वाजत होते, वरून त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. खांद्यावर तीन पर्स अडकवून मी तिथे उभी होते आणि मनात एवढाच विचार येत होता, की बसायला एखादी जागा मिळाली तर बरं होईल.

नंतर मला कळलं की त्यांनी फोनवर नवा ग्रुप काढला होता आणि मी त्यात नव्हते. त्यांच्यातल्या एकीनेच चुकून मला एक फोटो दाखवला, तेव्हा दिसलं. ती एकदम गोरीमोरी झाली. माझी समजूत काढायला तिने कितीतरी कारणं सांगितली. मी म्हटलं, असू दे. तिला वाटलं मी मोठ्या मनाने घेतलं. मला खरोखर काही वाटलं नव्हतं.

घरी मी फार सोपी मुलगी झाले होते. जे ताटात वाढलं ते खायचे. आईने नेसवली ती साडी, दिला तो ड्रेस. टीव्हीवर कुणी काहीही लावलं तरी बघायचे. रेडिएशननंतर सुरू झालेली थायरॉइडची गोळी सकाळी स्वतःहून घ्यायचे. दुपारी झोपायचे, कारण थोडं काही केलं तरी डोकं रिकामं व्हायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आई सांगायची, "एवढ्यातनं उठली पर कसली कुरकुर न्हाय बगा."

बहीण तेव्हा दहावीत होती. धावायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसरी आली आणि गळ्यात पदक घालूनच घरी आली. मी पलंगावर पडले होते. तिने पदक माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, "छान." आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागले. ती तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली,

"अक्का, तू पुण्याला होतीस तेव्हा मी रोज काकूंकडे जेवायचे. शाळेत माझे पालक कोण, म्हणून विचारायचे, मी काकूंना न्यायचे. मी कुणाला काही बोलले नाही. आता मी पळून पदक आणलं तर तू नुसतं छान म्हणतेस."

तिचं बरोबर होतं. मला ते पटलंही. काय म्हणावं ते मी शोधत राहिले आणि सापडलं तेव्हा ती खोलीतून निघून गेली होती.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. दर तपासणीला पुण्याला जायचं, यंत्रात डोकं घालून पडायचं, रिपोर्ट चांगला यायचा, पप्पा देवाला नारळ फोडायचे. मग एके दिवशी गावाकडून मामाचा फोन आला. दुपारी जेवून आबा ओसरीवर आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. आई दारातच कोसळली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. बहीण रडत होती. पप्पा एका कोपऱ्यात उपरण्याने तोंड पुसत होते. मी आबांच्या पायाशी बसले. त्यांच्या पायांच्या भेगा, नाकातला कापूस, कुणीतरी लावलेली उदबत्ती, सगळं मला स्वच्छ दिसत होतं. फरशी गार होती. मी वाट बघत होते, आता येईल, आता येईल. रडू आलं नाही.

आईची एक चुलती माझ्यासमोरच बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "हिच्यापायी म्हातारा पुन्याला जाऊन बसला हुता. आन् ही बगा, डोळ्यात टिपूस न्हाय."

दुसरी कुणीतरी म्हणाली, "आगं, डोस्क्याचं आपरेशन झालंय की तिचं. तिला काय कळतंय."

आईने ते ऐकलं. ती रडता रडता थांबली. पदराने तोंड पुसलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तिला समदं कळतंय. तिला रडू येत न्हाय, त्यात तिचा काय दोस? माज्या लेकीला आज कुनी काय बोलू नका."

आई उरलेला वेळ माझा हात धरून बसली. तिच्या हातावर पाणी पडत होतं आणि माझा हातही ओला झाला होता.

तेरावं झाल्यावर आम्ही एसटीने परत निघालो. पप्पा आणि बहीण पुढच्या बाकावर झोपले होते. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे बस हळूहळू चालली होती. आईने खिडकीतून बाहेर बघतच विचारलं,

"खरं सांग. तुला आतनं काय हुतं?"

मी विचार केला. आईने घाई केली नाही. दोन ट्रॉल्या मागे गेल्या तेव्हा मी म्हटलं, "काही होत नाही आई. म्हणजे कळतं. आबा गेले ते कळतं. आता ते नाहीत, तेही कळतं. पण ते डोक्यातच राहतं, खाली उतरत नाही."

"कवापासनं?"

"पुण्याहून आल्यापासून."

आईने खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाली, "मला वाटलं तू शानी झालीस. हट्ट करत न्हाईस, रुसत न्हाईस. मी समद्यांना सांगत फिरत हुते की पोरगी लई शानी झाली म्हणून."

पुढच्या तपासणीला आई माझ्याबरोबर आत आली. एरवी आत पप्पा यायचे आणि आई बाहेर देवाचं नाव घेत बसायची. डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या मेंदूचे फोटो लावले, सगळं स्वच्छ आहे म्हणाले, पुढची तारीख सांगितली. मी उठले. आई उठली नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, फोटो चांगला हाय. पोरगी चांगली न्हाय."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मला वाटतं इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच फोटो सोडून माझ्याकडे नीट बघितलं. आईने सगळं सांगितलं. मैत्रिणी, पदक, आबा. त्यांनी ऐकून घेतलं, हे आपण आधीच विचारायला हवं होतं असं म्हणाले, आणि आम्हाला वरच्या मजल्यावर समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

त्या बाई माझ्याशी एकटीशी बोलल्या. बोलण्यापेक्षा थांबल्याच जास्त. त्यांनी समजावलं ते साधारण असं होतं. लहान वयात असला आजार झालेल्या पुष्कळ मुलामुलींना हे होतं. काही गाठीमुळे, काही उपचारांमुळे, आणि काही जगण्याच्या धडपडीत सगळं बाजूला सारून ठेवावं लागतं म्हणून. मेंदूला आता प्रत्येक गोष्टीला जास्त वेळ लागतो, गर्दीत तो दमतो, मग माणूस माणसांपासून लांब राहतो आणि लांब राहिलं की आणखी बधिर होतो. हा कृतघ्नपणा नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. सगळं पूर्वीसारखं होईल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही. काही तरी बदलेल, एवढं सांगते." त्यांनी खोटा धीर दिला नाही म्हणून मी पुन्हा जायला तयार झाले.

त्यांनीच मला विचारलं की घाई न करता बोलावं असं कुणी आहे का. मी नाही म्हटलं. मग त्यांनी सांगितलं की तुमच्याच जिल्ह्यातली एक मुलगी येते, दोघींची तयारी असेल तर ओळख करून देते.

ती मैंदर्गीची. माझ्यापेक्षा थोडी मोठी. तिला लहानपणीच गाठ झाली होती, डोळ्याच्या शिरेजवळ. एका डोळ्याने दिसत नाही, आणि उंची तेव्हाच थांबली, त्यामुळे पंचविशीत असूनही ती सातवीतल्या मुलीसारखी दिसते. घरात कन्नड, बाहेर मराठी. पहिल्यांदा फोन केला तेव्हा तिने नाव-गाव काही विचारलं नाही. म्हणाली, "तुझ्याशी पण लोक हळू आणि मोठ्यानं बोलतात काय? बहिऱ्याशी बोलल्यासारखं?"

मी विचार करून म्हटलं, "हो."

मध्ये बराच वेळ गेला होता. तिने तो मोजला नाही. आम्ही अशाच बोलतो. एक वाक्य, मग शांतता, मग दुसरं वाक्य. कधी कधी फोन चालू ठेवून ती दुकान आवरते आणि मी कपडे घड्या करते. कुणाला काही खटकत नाही.

तिने मला मैंदर्गीला बोलावलं तेव्हा मी एकटी जाते म्हटलं. आईला ते मान्य नव्हतं. अक्कलकोटला बस बदलावी लागते, गर्दी असते, चढता-उतरताना तोल गेला तर काय, असं ती म्हणत राहिली. पप्पांनी चहा संपवला आणि म्हणाले, जाऊ दे. मी गेले. अक्कलकोटच्या स्टँडवर थोडी भेलकांडले. एका बाईने विचारलं बरं वाटत नाही का, मी म्हटलं मी अशीच चालते. ती बरं म्हणाली आणि आपल्या बसकडे गेली.

मैत्रिणीच्या आईने दारातच विचारलं, "ऊट आयता?" जेवण झालं का, एवढं कन्नड सोलापुरात राहून मला कळतं. मी नाही म्हटल्यावर तिने लगेच भाकरी टाकली. त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे आणि मैत्रीण तिथे बसते. बाजाराचा दिवस होता. नवीन गिऱ्हाईक आलं की विचारायचं, बाळ, घरात मोठं कुणी नाही का? ती शांतपणे म्हणायची, "मीच मोठी. भाव तोच." मला हसायला आलं नाही, पण ते बघत बसावंसं वाटलं. इतक्या दिवसांत असं कशाबद्दल वाटलं नव्हतं.

संध्याकाळी दुकान बंद करताना मी तिला आबांचं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. न दिसणाऱ्या डोळ्यातूनही. ती म्हणाली, "माझं उलटं हाय बघ. मला जास्तच येतं. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी मी रडते. घरचे हसतात." मग नाक पुसून म्हणाली, "तुझ्या आजोबासाठी मी रडले असं समज." मी बरं म्हटलं. ते मला चाललं.

कॉलेज तोवर सुटलं होतं. त्यानंतर मी पप्पांच्या कारखान्यात जायला लागले. सकाळचे थोडे तास. शिवून आलेल्या शर्टांचे लोंबणारे धागे कापायचे आणि गुंडी सैल असेल तर बाजूला काढायचं. दमले की उठायचं, असं पप्पांनी मालकांशी आधीच बोलून ठेवलं होतं. तिथल्या बायका आपसात तेलुगू बोलतात, भराभर, हसत. मला त्यातलं फारसं कळत नाही आणि मी उत्तर द्यावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. माणसांमध्ये बसून मला पहिल्यांदाच थकवा आला नाही. माझ्या शेजारची मावशी रोज डब्यातली शेंगाचटणी माझ्या भाकरीवर ठेवते. पहिल्या दिवशी विचारलं होतं, आता विचारत नाही.

या वर्षी बहिणीला पुण्यात कॉलेज मिळालं. जायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती. मी कारखान्यातून आले आणि बघितलं, तर माझा निळा कुर्ता तिच्या बॅगेत. नवीन होता, माझ्या कमाईचा, मी अजून एकदाही घातला नव्हता. मी म्हटलं, "तो काढ."

"दे की अक्का. तू कुठे घालतेस?"

"काढ म्हटलं ना. विचारल्याशिवाय माझ्या कपड्यांना हात लावायचा नाही."

माझा आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले. पण थांबले नाही. मी म्हटलं तू नेहमी अशीच करतेस, ती म्हणाली घरात सगळं नेहमी तुझंच असतं, मी म्हटलं मग घेतेस का माझा आजार, तोही घे. ती म्हणाली, दे. आम्ही दोघी कुर्त्याची एकेक बाही धरून ओढत होतो. शब्द शोधावे लागत नव्हते. ते येत होते, चुकीचे, तोडके, पण वेळेवर.

आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. गॅस बंद झाला. ती मधल्या दारापर्यंत आली, पण आत आली नाही, आम्हाला आवरलं नाही. पदर तोंडाला लावून नुसती उभी राहिली. मग तिने पप्पांना फोन लावला. ती हळू बोलत होती, तरी मला ऐकू आलं.

"दोघी भांडत्यात. लई भांडत्यात."

मुलीला चांगले मार्क मिळाल्यावर सांगावं, तसं ती सांगत होती.

बहिणीनेही ते ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. बाही तिच्या हातातून सुटली. ती म्हणाली, "अक्का, तू ओरडलीस." मी धापा टाकत होते. छातीत धडधडत होतं. मला ते अजिबात आवडलं नाही. अर्ध्या तासाने मी एवढी दमले की जेवता जेवता झोप लागली. कुर्ता ती दुसऱ्या दिवशी घेऊनच गेली.

स्टँडवर तिला सोडताना आई रडली, पप्पांनी बसच्या काचेवर हात ठेवला. मला पुन्हा काही झालं नाही. बस वळून गेली आणि मी बघत राहिले. समुपदेशन करणाऱ्या बाईंना मी फोनवर हे सांगितलं. त्या म्हणाल्या, एकदा आलं म्हणजे रोज येईल असं नाही, आणि वाट बघत बसू नकोस. मी वाट बघत नाही. वाट बघायलाही काही वाटावं लागतं.

मधे आबांच्या वर्षश्राद्धाला गावी गेलो होतो. आईच्या त्याच चुलतीने मला शेजारी बसवून घेतलं आणि चहा दिला. आबा व्हरांड्यात मला कसं चालवायचे ते तिने विचारलं. मी सांगितलं. सांगायला वेळ लागला. ती कप हातात धरून ऐकत बसली. शेवटी म्हणाली, "मला न्हवतं म्हाईत." मी रडले नाही, तीही रडली नाही.

पुढच्या आठवड्यात मैंदर्गीची मैत्रीण डोळ्यांच्या तपासणीसाठी सोलापूरला येणार आहे. आमच्याकडेच राहणार आहे. तिला जेवायला काय आवडतं, असं आईने मला विचारलं. मला माहीत नव्हतं. इतके दिवस बोलून मी ते कधी विचारलंच नव्हतं. मी फोन लावला. तिने उत्तर द्यायला वेळ घेतला, आणि आई गॅसपाशी उभी राहून, मान वळवून, माझ्याकडे बघत थांबली.